रात्री साडेतीनला पत्रं कोण वाचत होतं?

आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचा ही विनंती. यात एका मुलावर झालेला खोटा आरोप आहे. आरोप करणाऱ्यांमध्ये मीही होते. समाजशास्त्रात एमए झालेली, पुराव्याशिवाय बोलू नये असं दर शिबिरात सांगणारी मी.

गोष्ट २०१४ ची. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एका कार्यालयाने मोडीत काढलेला कॉम्प्युटर होता. १० जीबीची डिस्क, त्यावर डेबियन लिनक्स. विंडोजच्या लायसन्सला पैसे नव्हते आणि चोरीचं सॉफ्टवेअर अभ्यासिकेत नको, असा कमिटीचाच ठराव होता. (तो ठराव करणारे काका घरी काय वापरायचे ते सोडा.) इंटरनेट होतं, पण नावापुरतं. दिवसभरासाठी मोजकाच डेटा मिळायचा आणि तो चार मुलांनी व्हिडिओ पाहिले की आठवड्यात संपायचा. मात्र रात्री २ ते सकाळी ८ या वेळेत डाउनलोड मोफत. आता रात्री दोनला मुलं अभ्यासिकेत कशी येणार? म्हणून युक्ती अशी केली की रात्री मशीनने वाचायचं साहित्य उतरवून ठेवायचं आणि मुलांनी ते दिवसा इंटरनेटशिवाय वाचायचं.

यासाठी आम्ही लीफनोड नावाचं छोटं सॉफ्टवेअर वापरलं. आजच्या तरुणांना हे नाव माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून थोडं सांगते. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी दोन विद्यापीठांचे कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून जोडून एकमेकांना संदेश पाठवण्याची कल्पना काढली. त्यातून यूजनेट उभं राहिलं. विषयवार गट, त्यांना न्यूजग्रुप म्हणायचे. एकाने लिहिलेलं पत्र एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर, तिथून तिसऱ्यावर नकलून जायचं. वेबच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आपल्या मराठी माणसांचाही तिथे सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी असा गट होता. लीफनोड म्हणजे या व्यवस्थेतलं सगळ्यात टोकाचं पान. ते मोठ्या सर्व्हरकडून तुमच्या आवडीच्या गटांतली पत्रं आणून स्वतःच्या डिस्कवर ठेवतं आणि थंडरबर्डसारखा वाचक ती तिथून दाखवतो. आम्ही पत्रं जीमेन नावाच्या सेवेकडून घ्यायचो. लार्स मॅग्ने इंगेब्रिग्टसेन या नॉर्वेच्या माणसाने २००२ मध्ये ती सुरू केली. जगभरच्या ईमेल याद्या तो न्यूजग्रुपच्या रूपात फुकट वाचायला देत होता. त्यात पायथन शिकणाऱ्यांची 'ट्यूटर' नावाची यादी होती. कितीही साधा प्रश्न विचारा, तिथे कुणी ना कुणी नीट उत्तर द्यायचं. आमच्या दोन-तीन मुलांनी प्रोग्रामिंग तिथूनच उचललं.

आता मुद्दा असा की रोज पत्रं येत राहिली तर डिस्क भरणारच. म्हणून अशा सॉफ्टवेअरमध्ये जुनी पत्रं पुसण्याची सोय असते. लीफनोडमध्ये हे काम टेक्सपायर नावाचा प्रोग्राम करतो. कॉन्फिगच्या फाइलीत 'एक्स्पायर = २०' लिहिलं की वीस दिवसांपेक्षा जुनी पत्रं जातात. पण हा टेक्सपायर सरसकट पुसणारा नाही. एखादी चर्चा कुणी वाचत असेल तर तो ती ठेवतो. 'जुनं' याचा त्याच्या लेखी अर्थ आहे वीस दिवस कुणी न उघडलेलं. मला हा नियम फार आवडला होता. वाचणारा आहे तोवर पत्र जिवंत.

त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आम्ही ४१ मुलांची यादी करत होतो. जातीच्या दाखल्याचा क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, मागच्या वर्षीचे मार्क. दोन संध्याकाळी बसून एका मुलीने टाइप केलं. सेव्ह करायला गेलं की मशीन म्हणायचं, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. तिला वाटलं नंतर ताईंना विचारू, आणि ती तशीच टाइप करत राहिली. दुसऱ्या संध्याकाळी लाइट गेली. यूपीएस कधीच मेलेला. दोन दिवसांचं काम गेलं आणि मुदतीला सहा दिवस उरले.

जागा शिल्लक नाही, मग जागा खाल्ली कुणी? कमिटीच्या बैठकीत हा प्रश्न निघाला आणि दोन मिनिटांत उत्तरही निघालं. अभ्यासिकेची किल्ली एका सतरा वर्षांच्या मुलाकडे असायची. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करत होता, रात्री बंद करून जायचा, सकाळी उघडायचा. त्याच्याकडे पेन ड्राइव्ह होता. "पोरगं रात्री पिक्चर भरतंय," एक काका म्हणाले. त्याचं फोल्डर उघडलं तर त्यात गाणी निघाली. झालं! सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी त्याला म्हणाले, "किल्ली इथे ठेव. चौकशी होईपर्यंत येऊ नकोस."

तो एकच वाक्य बोलला, "ताई, मी पिक्चर नाही टाकले." किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला.

हॉवर्ड बेकरचं 'आउटसायडर्स' आम्हाला एमएला होतं. १९६३ चं पुस्तक. गुन्हेगारपण हे कृतीच्या अंगी नसतं, इतर लोक नियम लावून ते माणसाला चिकटवतात, असं त्याचं म्हणणं. परीक्षेत मी यावर पानं भरून लिहिलं होतं. त्या बैठकीत मला ते आठवलंसुद्धा नाही. आणखी एक सांगते. त्याच्या फोल्डरमधली गाणी मी मोजली ती बैठकीनंतर, रात्री. सगळी मिळून १८० एमबी. तेवढ्यात एक धड पिक्चर बसत नाही.

त्याच रात्री मी मशीनला विचारलं. लिनक्समध्ये डीएफ ही आज्ञा आहे, किती जागा वापरली ते सांगते. उत्तर आलं की सुमारे अडीच जीबी मोकळी आहे! आता बघा, मशीन एका तोंडाने म्हणतंय जागा नाही आणि दुसऱ्या तोंडाने म्हणतंय अडीच जीबी आहे. म्हणजे पिक्चरने डिस्क भरली हा आरोप मी पहिली आज्ञा दिली तिथेच पडला होता. तो करण्याआधी ती आज्ञा द्यायला मला अर्धा मिनिटही लागला नसता.

मग जागा नाही म्हणजे काय नाही? हे मला एका अभियंता मित्राने फोनवर सांगितलं, "डीएफच्या पुढे आय लावून बघ." डिस्कवर जागा दोन प्रकारची असते. एक माल ठेवायची, दुसरी नोंदवहीतली. प्रत्येक फाइलीसाठी नोंदवहीत एक ओळ लागते, तिला आयनोड म्हणतात. फाइल एक अक्षराची असो की एक जीबीची, ओळ एकच. आणि या ओळी डिस्क तयार करतानाच ठरतात. साधारणपणे दर १६ केबीमागे एक. आमच्या ८ जीबीच्या भागावर म्हणून ५,२४,२८८ ओळी होत्या. त्या शंभर टक्के संपल्या होत्या. गोदामात जागा आहे, पण आवक नोंदवायचं रजिस्टर भरलं. एका पिक्चरला एकच ओळ लागते. त्या पोराने डिस्क भरेपर्यंत पिक्चर टाकले असते तरी अशी अवस्था झाली नसती. लाखो छोट्या फाइली कुठेतरी साठल्या होत्या.

त्या साठल्या होत्या लीफनोडच्या कोठारात. साडेतीन लाखांवर पत्रं. प्रत्येक पत्र एक फाइल. वीस दिवसांत पुसली जायला हवी होती, आणि काही तर चौदा महिन्यांपूर्वीची.

इथून पुढचे दोन दिवस मी चुकीच्या दिशा धुंडाळल्या. पहिली शंका, टेक्सपायर चालतच नसेल. लॉग बघितला. रोज इमानदारीने चालत होता आणि रोज जवळजवळ काहीच न पुसता परत जात होता. दुसरी शंका, मशीनची तारीख चुकली असेल. जुन्या मदरबोर्डची बॅटरी गेली की घड्याळ मागे जातं, मग वीस दिवस कधी होतच नाहीत. पण तारीख बरोबर होती. तिसरी, कॉन्फिगमध्ये लिहिताना चूक. तीही नव्हती. वीस म्हणजे वीस लिहिलेलं.

मग नियमाकडे परत आले. 'वीस दिवस कुणी न उघडलेलं.' फाइलीवर तारखा एकापेक्षा जास्त असतात. एक, शेवटची बदलल्याची. दुसरी, शेवटची वाचल्याची. नेहमीच्या एलएस -एल मध्ये पहिली दिसते, आणि मी दोन दिवस तीच बघत होते. तिथे फाइली जुन्या दिसत होत्या. आता एलएस -एलयू केलं, म्हणजे वाचल्याची तारीख. पडद्यावर जे आलं ते बघून मला खरोखर घाम फुटला. एकूण एक पत्र काल किंवा परवा वाचलेलं, आणि वेळ पहाटे साडेतीनच्या आसपासची.

पहाटे साडेतीनला साडेतीन लाख पत्रं कोण वाचतं?

मित्रहो, मी प्रामाणिकपणे लिहिते आहे म्हणून हेही लिहिते. माझ्या मनात पहिला विचार पुन्हा त्याच मुलाचा आला. किल्ली त्याच्याकडेच होती ना! अडीच जीबी मोकळी बघितल्यावर, आयनोडचं गणित कळल्यावरसुद्धा. एकदा चिकटवलेलं लेबल पुराव्याने सुटत नाही, ते असं असतं. एक मुलगा एका रात्रीत लाखो इंग्रजी पत्रं उघडेल हे शक्य तरी आहे का, हा विचार त्यानंतर आला.

मध्येच मी आणखी एक घोळ केला. कोणती पत्रं महत्त्वाची आहेत ते बघायला एका गटात ग्रेप ही शोधाची आज्ञा चालवली. नंतर बघते तर त्या गटात परवाची तारीख असलेल्या फाइलींवर आता माझीच वेळ! शोधणं म्हणजेही उघडणं. चौकशी करताना मी पुरावा बदलत होते. आणि त्यातूनच उत्तर सुचलं. माणसाने वाचलं काय की प्रोग्रामने उघडलं काय, फाइलीला फरक कळत नाही. मग रात्री साडेतीनला कोणता प्रोग्राम सगळं उघडतो? क्रॉनची यादी काढली, म्हणजे मशीनची ठरावीक वेळेची कामं. त्यात ओळ होती. रोज ३:३० ला संपूर्ण व्हार डिरेक्टरी टारने बांधून दुसऱ्या डिस्कवर बॅकअप घ्यायचा. चौदा महिन्यांपूर्वी आधीची डिस्क गेली तेव्हा घातलेली ओळ. घालणारी मीच.

टार बॅकअप घेताना प्रत्येक फाइल वाचतो. वाचली की तारीख ताजी होते. टेक्सपायर येऊन बघतो, अरे, हे तर कालच कुणीतरी वाचलंय, ठेवा. असं चौदा महिने. (काल आणि परवा अशा दोन तारखा का, याचंही कारण आहे. २००९ पासून लिनक्स कर्नेल वाचल्याची तारीख दर वेळी बदलत नाही. न बदललेल्या फाइलीची साधारणपणे आधीची चोवीस तासांहून जुनी असेल तरच बदलतो. बॅकअप काही सेकंद लवकर पोचला की ती रात्र हुकते. वीस दिवसांच्या हिशेबात याने काही फरक पडत नाही.) त्यात भर म्हणजे कुणीतरी उत्साहाने लिनक्स कर्नेल बनवणाऱ्यांच्या यादीचं सदस्यत्व घेऊन ठेवलं होतं. ती यादी एकटी रोज शेकड्यांनी पत्रं ओतते. आमच्यात ती समजणारा कुणी नव्हता. नुसता रोज एखादा तिकडे डोकावून जायचा, आणि तेवढ्यावर लीफनोड तो गट चालू ठेवायचा.

बरं, हा बग कुणाचा म्हणायचा? टेक्सपायर नियमाप्रमाणे वागला. टारही. मी डिस्क गेली तर मुलांचं काम जाऊ नये म्हणून बॅकअप लावला, आणि त्याच बॅकअपने मुलांचं काम घालवलं. लीफनोडच्या मदतपानात टेक्सपायरबद्दल याच धोक्याचा इशारा आहे हे मला नंतर कळलं. वाचला नव्हता.

उपाय शोधताना एक मोह झाला. टेक्सपायरला -एफ लावलं की तो वाचल्याची तारीख बघतच नाही, वीस दिवसांवरचं सगळं साफ. एका मिनिटाचं काम. मी आज्ञा टाइप करत असताना यादी टाइप करणारी ती मुलगी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "ताई, ट्यूटरचं पण जाईल का?"

तिचं काय होतं ते ऐका. ती पायथनमध्ये मराठी नावांची यादी अकारविल्हे लावण्याचा प्रोग्राम लिहीत होती. पायथन २ मध्ये देवनागरी घेतलं की युनिकोडडिकोडएरर यायचा. बाइट वेगळे आणि अक्षर वेगळं, फाइल वाचतानाच आधी डिकोड करून घ्यायचं, हे तिला ट्यूटरमधल्या अकरा महिन्यांपूर्वीच्या एका चर्चेत सापडलं होतं. ती चर्चा ती थोडी थोडी वाचत होती. आता गंमत बघा. नियम बरोबर चालला असता तर ती चर्चा तिला सापडण्याच्या कितीतरी आधी पुसली गेली असती. माझ्या चुकीने ती टिकली होती.

यूजनेटच्या सुरुवातीला हेच सगळीकडे होतं. डिस्क लहान, म्हणून पत्रं काही दिवसांत पुसायची, हाच रिवाज. ऐंशीच्या दशकातलं जे आज उरलंय त्यातलं पुष्कळसं टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या हेन्री स्पेन्सरमुळे. तो १९८१ पासून दहा वर्षं पत्रं चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवत गेला. १४१ टेपा. त्या २००१ मध्ये गूगलच्या संग्रहात गेल्या. आपल्याकडे चळवळीची पत्रकं, साप्ताहिकं, जलशांच्या वह्या कशा टिकल्या आणि कशा गेल्या, हे वाचकांना मी सांगायला नको. कुणाच्या तरी ट्रंकेत राहिलं ते राहिलं.

म्हणून -एफ सरळ चालवलं नाही. लीफनोडमध्ये गटवार मुदत देता येते, ग्रुपएक्स्पायर. पायथनच्या गटांना १००० दिवस दिले, आमच्या वापरातल्या आणखी दोन गटांना तेवढेच, आणि कर्नेलच्या गटाला एक दिवस. मग -एफ. त्याला बराच वेळ लागला. आयनोडचा आकडा उतरताना आम्ही दोघी बघत होतो. त्यानंतर बॅकअपच्या आज्ञेत पत्रांचं कोठार वगळलं. कर्नेलची यादी बंद केली. काही जण सुचवतील की डिस्कवर वाचल्याची तारीख नोंदवणंच बंद करायचं, त्याला नोएटाइम म्हणतात. पण मग मुलांनी वाचलेलंही न वाचलेलं ठरलं असतं. आधी सगळंच वाचलेलं, आता काहीच नाही. दोन्हीत खऱ्या वाचणाऱ्याची नोंद बुडते.

यादी आम्ही पुन्हा टाइप केली आणि मुदतीच्या आदल्या संध्याकाळी दिली.

आणि तो मुलगा. मी त्याच्या घरी गेले. त्याची आई चहा ठेवायला उठली, मी नको म्हणाले, ती तरी उठली. मी त्याला सगळं सांगितलं. बॅकअप, तारखा, साडेतीन. चूक माझी होती, असंही म्हणाले. तो खाली बघून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे वाचत कुणीच नव्हतं, नुसती उघड-बंद चालली होती."

"हो."

"ताई, मला घरी येऊन सांगितलं ते ठीक आहे. पण चोर म्हणाले ते सगळ्यांसमोर."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. रविवारी कमिटीची बैठक होती. तिथे मी त्याला समोर बसवून झालेलं सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन, आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. ज्या काकांनी पिक्चरचं काढलं होतं ते म्हणाले, "जाऊ द्या ना ताई, पोरगं आहे, एवढं काय त्यात." मी म्हटलं, लिहा. त्यांनी सही करायला दोन आठवडे लावले. पण केली.

किल्ली त्याने लगेच घेतली नाही. आयटीआयची परीक्षा झाल्यावर घेतली, आणि एक अट घातली. अभ्यासिकेच्या हजेरी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर दर रविवारी डीएफचे दोन्ही आकडे लिहायचे, जागेचा आणि आयनोडचा, आणि खाली त्याची व माझी अशा दोन सह्या. मी पुढच्या वर्षी कामानिमित्त दुसऱ्या जिल्ह्यात गेले, तेव्हा माझ्या जागी त्या मुलीची सही सुरू झाली.